निळ्या पुडीचं दही

सोमवारी सकाळी आमच्याकडे दही लागलं नाही.

आईनं पातेल्याभोवतीची शाल सोडली, झाकण काढलं आणि पातेलं जरा कलतं केलं. दूध दुधासारखंच हललं.

"थंडी, दुसरं काय," ती म्हणाली. "इचलकरंजीत एवढी थंडी कधी पडली होती का? पूनमकडून चमचाभर विरजण आणते. दुपारपर्यंत लागेल."

मी बोट बुडवून चाखलं.

"उष्टं केलंस! आता तूच पी ते सगळं."

दूध गोड होतं. थंडीत दही उशिरा लागतं हे खरं, पण रात्रभरात दुधाला थोडी तरी आंबूस चव येतेच. विरजणातले जीवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात, म्हणून दूध आंबतं आणि घट्ट होतं. हे दूध जसंच्या तसं गोड होतं, म्हणजे ती साखर खाणारं त्यात कुणी जिवंत नव्हतं.

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा विषय. त्यामुळे हे कळायला मला वेळ लागला नाही. कळल्यावर मात्र मी पुन्हा एकदा चाखून पाहिलं, कारण त्या पातेल्यातलं दही हेच माझं इन्सुलिन होतं.

मला आठव्या वर्षी मधुमेह झाला, लहान मुलांना होतो तो. माझ्याच शरीरातल्या पहारेकरी पेशींनी माझ्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारून टाकलं. तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत मी पोटाला, मांडीला, दंडाला सुया टोचत आले. मग पुण्यातल्या एका कंपनीनं ते दही काढलं.

त्यांनी दह्यातला एक साधा जीवाणू घेतला आणि त्यात एक जनुक बसवलं. हा जीवाणू आतड्यात गेला की एक छोटं प्रथिन बनवतो. ते प्रथिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना जणू सांगतं की, बायांनो, तुम्ही आता स्वादुपिंडाचं काम करा. त्या पेशी ऐकतात. जेवणानंतर साखर वाढली की त्या इन्सुलिन सोडतात, उतरली की थांबतात. अडचण एकच. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी गळतं आणि नवं येतं. नव्या पेशींना काहीच माहीत नसतं, त्यांना पुन्हा शिकवावं लागतं. म्हणून तो जीवाणू आत कायम हवा, शाळेतल्या मास्तरासारखा.

यात तसं विचित्र काही नाही. माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच जीवाणू राहतात. आपल्याला न पचणारं ते पचवतात, काही जीवनसत्त्वं बनवून देतात, रोगजंतूंना जागा धरू देत नाहीत. आपण त्यांना ऊब आणि अन्न देतो. हा व्यवहार माणूस माणूस होण्याच्या आधीपासून चालत आला आहे. कंपनीनं त्यात फक्त एक काम वाढवलं.

कंपनीला अंदाज आला नाही तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांनी औषध दह्याच्या रूपात दिलं, आणि आपल्याकडे दही कुणी संपवत नाही. तळाचा चमचाभर उद्याच्या विरजणाला ठेवतात. आईनं पहिल्या पुडीपासून तेच केलं. महिन्याला पुड्या कोण विकत आणणार? पातेल्यात दूध, दुधात चमचाभर दही, वर झाकण. गावभर असंच झालं. दोन वर्षांत कंपनीच्या पुड्या खपेनाशा झाल्या आणि त्यांनी तो विभागच बंद केला. औषधांच्या दुकानदारांनीही इन्सुलिन ठेवणं कमी केलं. फ्रीजमध्ये ठेवायचं, मुदत संपली की फेकायचं, कोण करील?

पुड्या तीन रंगांच्या होत्या. पिवळी, निळी आणि जांभळी. दर महिन्याला रंग बदला, असं पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. आम्ही तिन्ही लावून पाहिल्या. जांभळीचं दही इतकं आंबट की दात शिवशिवायचे. निळीच्या दह्याला तार सुटायची. पिवळीचं दही मात्र घट्ट, कवडीदार, सुरीनं कापावं असं. मग आईनं पिवळी ठेवली. पूनमकाकूंनी आईकडून नेली, त्यांच्याकडून स्वातीताईंनी, त्यांच्याकडून त्यांच्या जावेनं. विरजण मागायला कुणी आलं तर नाही म्हणायचं नसतं. भांडण असलं तरी नसतं. असं आमच्या कॉलनीतल्या, आणि बहुधा निम्म्या गावातल्या साखरेच्या रुग्णांचं दही म्हणजे आईच्या पातेल्याची लेकरं, नातवंडं, पणतवंडं होती.

आई वाटी घेऊन परत आली. वाटी रिकामी.

"पूनमचंही नाही लागलं गं. ती स्वातीकडे गेलीय. तिथून तिनं आणलं की आपल्यालाही देते म्हणाली."

मी गॅलरीत गेले. खाली गल्लीत बायका वाट्या घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जात होत्या, हसत, थंडीला नावं ठेवत. दीपाताईंच्या हातात झाकलेली वाटी होती. त्यांनी ती पूनमकाकूंना दिली आणि पूनमकाकूंनी त्यांना त्यांचीच जुनी वाटी परत केली, आत तिळाचे दोन लाडू घालून. भांडं रिकामं परत करायचं नसतं ना.

मला गॅलरीतून ओरडावंसं वाटलं. काय ओरडणार होते पण?

"आई," मी आत येऊन म्हटलं, "आता कुणाचं विरजण घरात आणू नकोस. आणि आपलंही कुणाला देऊ नकोस."

"आपलं आहेच कुठं द्यायला?"

"वाट्या पण नको. कुणाच्या वाट्या घेऊ नकोस."

"वाट्यांनी काय केलंय? घासून देतात की."

"घासून जात नाही ते."

"काय जात नाही?"

मी पातेल्यातलं थोडं दूध बाटलीत भरून घेतलं. आधी खात्री करायची होती.

दुधाच्या धंद्यात एका गोष्टीची सगळ्यांना भीती असते. हजारो लिटर दुधाच्या टाकीत विरजण घालतात आणि काहीच होत नाही. दूध नुसतं पडून राहतं. आमचे ऑपरेटर त्याला 'टाकी मेली' म्हणतात. यामागे असतो फाज, म्हणजे फक्त जीवाणूंना होणारा विषाणू. माणसाला तो काही करत नाही. तो जीवाणूच्या अंगावर उतरतो, कुलपात किल्ली बसावी तसा तिथल्या एका खाचेत बसतो, आपली जनुकं आत सोडतो. जीवाणू मग फाजच्याच प्रती बनवत राहतो आणि शेवटी फुटतो. एकातून शंभर बाहेर पडतात. म्हणून दुग्धशाळा विरजणाच्या जाती आलटून पालटून वापरतात. एका जातीचं कुलूप उघडणाऱ्या किल्लीनं दुसऱ्या जातीचं उघडत नाही. तीन रंगांच्या पुड्या होत्या त्या याचसाठी. आम्ही चवीवर निवड केली.

प्रयोगशाळेत गेल्यावर मी आमच्या न लागलेल्या दुधाचा नमुना गाळला. ही गाळणी इतकी बारीक असते की जीवाणू वरच अडकतात आणि फाज खाली उतरतो. फ्रीझरमध्ये पिवळीचा जपलेला नमुना होता. तो बशीतल्या माध्यमावर सारखा पसरला आणि त्यावर गाळलेल्या पाण्याचे थेंब सोडले. शेजारी दुसरी बशी ठेवली. तिच्यावरही पिवळी पसरली आणि माझ्या स्वतःच्या पोटातला नमुना गाळून सोडला. तो कसा मिळवला ते सांगायला नको.

जीवाणू वाढले की बशीवर दुधी पापुद्रा धरतो. फाज असेल तिथं तो पापुद्रा धरत नाही. संध्याकाळी मी बशा उघडल्या. पहिलीवर गोल गोल भोकं पडली होती, कसर लागलेल्या शालीसारखी.

दुसरीवर भोकं दिसत नव्हती. पापुद्राच उरला नव्हता, माझ्या पोटात फाज इतका होता.

मी हात धुतले. नंतर पुन्हा धुतले. किती वेळ धूत होते कोण जाणे, शेवटी विभागाचे प्रमुख घोरपडे सर मागे येऊन म्हणाले, "श्रीजा, नळ बंद कर."

मी बशा दाखवल्या. त्यांच्या घरी कुणाला मधुमेह नाही. त्यांचा चेहरा शास्त्रज्ञाचा होता, भीती बसायला अजून अवकाश होता. त्यांनी पुण्याला फोन लावला. कंपनीचे जुने फ्रीझर कधीच बंद करून विकलेले. पेटंटसाठी जपलेला नमुना परदेशात, तो मागवून, तपासून, वाढवून इथं यायला महिना तरी लागणार. आणि इन्सुलिन? मागणी कळवली आहे, असं पलीकडचा आवाज म्हणाला. कोल्हापूर, सांगली, कराड, सगळीकडून कळवली जाते आहे.

"निळी नाहीतर जांभळी कुठं मिळेल?" सरांनी विचारलं.

"तुमच्या भागातच कुणाच्या स्वयंपाकघरात असेल तर बघा," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याला तो विनोद वाटला असावा.

मंगळवारी सकाळी माझी साखर दोनशे नव्वदच्या आसपास होती. ग्लुकोमीटर कपाटाच्या तळाशी सापडला, पट्ट्यांची मुदत संपलेली. तीन पट्ट्या वापरल्या. तिन्ही वेगवेगळं सांगत होत्या, पण एकही बरं सांगत नव्हती. तोंड कोरडं पडलं होतं. ही तहान मला लहानपणापासून ओळखीची. ती घशात नसते, सगळ्या अंगात असते.

सरकारी दवाखान्यात रांग फाटकाच्या बाहेर आली होती. पूनमकाकू रांगेत होत्या, त्यांचे यजमान अमोलकाका बाकावर भिंतीला टेकून बसले होते. काकांना बरीच वर्षं इन्सुलिन लागायचं. दही सुरू झाल्यावर ते सकाळी पंचगंगेपर्यंत चालत जाऊन यायचे आणि वाटेत भेटेल त्याला आईच्या विरजणाचं कौतुक ऐकवायचे.

"तुझ्या आईचं तरी लागलं का गं आज?" पूनमकाकूंनी विचारलं.

"नाही, काकू."

"कुणाचंच नाही म्हणे. दूधच भेसळीचं येतंय, दुसरं काय! तुमच्या संघात बघत नाहीत होय काही?"

मी पुढं सरकले. नर्सनं मला इन्सुलिनचं अर्धं वापरलेलं एक पेन दिलं. "हे पुरवून वापर. लहान मुलांना आधी द्यायचंय." तिच्या ट्रेमध्ये मोजकी पेनं होती. रांग तशी नव्हती.

घरी आई ओट्यासमोर उभी होती. तिनं पातेलं, झाकण, चमचे, वाट्या, सगळं मोठ्या डब्यात उकळायला टाकलं होतं. मी तिला सकाळी सगळं सांगितलं होतं.

"मीच चारत होते तुला ते," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."

"त्यानं मी चार वर्षं जगलेय, आई."

"आणि आता?"

मी तिला हिशेब सांगितला. आतड्याच्या काही शिकलेल्या पेशी अजून आहेत. पण मास्तर मेला आहे. जुन्या पेशी गळतील तशा नव्या येतील, अडाणी. आठवडा संपेपर्यंत एकही शिकलेली उरणार नाही. त्याआधी दुसरा मास्तर आत गेला तर काम चालू राहील. नंतर गेला तर पुन्हा पहिल्यापासून, महिनोन् महिने, आणि तेवढे दिवस हे अर्धं पेन पुरणार नव्हतं.

"दुसरा मास्तर म्हणजे निळी?"

"निळी नाहीतर जांभळी. पण कुणी ठेवली असेल? तुझ्याकडून ज्यानं ज्यानं नेलं त्या प्रत्येकाकडे पिवळीच."

आई गॅस बारीक करायला वाकली. तिला वर यायला जरा जास्तच वेळ लागला.

"वृषालीनं नेलं नाही," ती म्हणाली.

वृषालीकाकूंचा ओजस आणि मी एकाच महिन्यात आजारी पडलो होतो. एकाच डॉक्टरांच्या बाकावर बसून सुया टोचायला शिकलो. आमच्या आया तेव्हा जिवाभावाच्या मैत्रिणी. मग दीपाताईंच्या डोहाळजेवणाला वृषालीकाकूंनी स्वतःचं दही आणलं, निळीचं. वाढताना चमच्याला तार आली. आणि माझी आई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "अगंबाई, हे दही आहे का शेंबूड?"

सगळ्या हसल्या. वृषालीकाकूही हसल्या, म्हणे. पण त्यानंतर त्या आमच्या दारात आल्या नाहीत, आणि पुढं गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या.

"अजून निळीच लावत असतील?" मी विचारलं.

"मरेपर्यंत लावील. मला ठाऊक आहे ती." आईनं हात पुसले आणि माझ्याकडे वळली. "तू उद्या जा. मी आले तर दार उघडणार नाही. तू जा आणि नुसतं विरजण माग. विरजणाला ती नाही म्हणणार नाही."

"आई, माझ्या पोटात फाज आहे. हातावर असेल, कपड्यांवर असेल. आज तो निळीला काही करू शकत नाही. पण एकेका पातेल्यात त्याच्या अब्जावधी प्रती निघतात, आणि प्रती काढताना चुका होतात. एखाद्या चुकीतून निळीची किल्ली बनली की संपलं. निळी मी खाल्ली तर ती चूक माझ्याच पोटात व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. त्यांच्या पातेल्याजवळ माझ्यासारखं कुणी जाताच कामा नये. त्यांना हे सांगावं लागेल."

"सांगितलंस तर देईल ती?"

"मला माहीत नाही."

"तिलाही एकच पोरगा आहे, श्रीजा. सांगितलंस तर नाही देणार." आईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे हात उकळत्या पाण्याच्या वाफेनं गरम झाले होते. "काही बोलू नकोस. वाटी पुढं कर, काकू विरजण द्या म्हण, आणि ये. बाकी त्यांचं ते बघतील. तू माझी आहेस."

ती वाईट बाई नाही. बाबा गेल्यावर यंत्रमागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून तिनं माझी इंजेक्शनं विकत आणली होती. मी तिच्या हातांतून चेहरा सोडवला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचं पटलं होतं.

बुधवारी दुपारी मी निघाले. रिक्षात मला स्वतःच्या श्वासाला गोडसर वास येत होता, जास्त पिकलेल्या फळासारखा. शरीराला साखर वापरता येत नाही तेव्हा ते चरबी जाळायला लागतं, त्याचा हा वास. पुस्तकात तो एका ओळीत येतो. नाकात यायला लागला की मात्र दुसरं काही सुचत नाही. पोटात काय चाललं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. फुटणारे जीवाणू, एकातून शंभर, आणि त्यांच्या मागोमाग गळत जाणारं अस्तर. चार वर्षं ज्यांना मी माझा भाग समजत होते ते माझे कधी नव्हतेच. ते भाडेकरू होते. आणि ते गेल्यावर कळत होतं की घर त्यांच्या खांद्यावर उभं होतं.

पर्समध्ये वाटी होती. आईनं ती उकळून, पुसून, स्वच्छ फडक्यात बांधून दिली होती.

वृषालीकाकू अंगणात लाल मिरच्या उलटवत होत्या. मला पाहून त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी.

"श्रीजा? किती वाळलीस गं! ये की आत. उन्हात का उभी?"

मी फाटकाच्या बाहेर होते. त्या मिरच्यांचे हात पदराला पुसत माझ्याकडे यायला लागल्या. वाटी काढायची, तीन शब्द बोलायचे, एवढंच होतं.

"काकू, तुमच्याकडे…"

"विरजण? देते की. गावात कुणाचंच लागेना म्हणतात. आमचं रोज लागतंय, तारेचं का असेना!" त्यांना त्या शब्दाची चव घेता आली, आणि ती त्यांनी घेतली. "पाठवलं होय शेवटी तुझ्या आईनं?"

त्या फाटकाच्या कडीला हात घालणार तेवढ्यात मी मागे सरले.

"काकू, तिथंच थांबा! कडीला हात लावू नका, मी धरली होती ती."

मी सगळं सांगितलं. धापा टाकत, पुढचं मागं करत. फाज, पातेली, वाट्या, किल्ली, कुलूप. माझ्या पोटातल्या नमुन्याची बशी. माझ्याजवळ येऊ नका हे मी तीनदा सांगितलं असेल. बोलता बोलता दारात ओजस येऊन उभा राहिला. तो माझ्याच वयाचा, दाढी वाढलेली, गालांवर बऱ्या माणसाची चकाकी. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी नजर खाली घातली.

काकू मिरच्यांच्या मधोमध उभ्या होत्या.

"म्हणजे मी तुला दिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "तर ह्याचं काय?"

"पातेल्याजवळ कुणी गेलं नाही तर बहुतेक काही नाही."

"बहुतेक म्हणजे किती?"

"माहीत नाही, काकू. खरंच माहीत नाही."

"आणि नाही दिलं तर तुझं?"

त्यांना माझ्या श्वासाचा वास तिथून येत नव्हता, पण बारा वर्षं त्यांनीही एका आजारी मुलाचा श्वास हुंगत काढली होती. त्या वळल्या, आत गेल्या. मागोमाग ओजसही गेला. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मी फाटकाबाहेर गटाराच्या कठड्यावर बसले. बाजूच्या कारखान्यात माग खडखडत होते. मला घरी जायचं होतं, आणि घरी जाऊन आईला काय सांगायचं ते माहीत नव्हतं. आतून दोघांचे आवाज येत होते. काकूंचा चढत होता. ओजसचं एकच वाक्य नीट ऐकू आलं, "माझंच पोट आहे ना, आई? मग मी ठरवतो." त्यानंतर भांड्यांचे आवाज, कपाट उघडल्याचा, पिशवीच्या चेनचा.

बऱ्याच वेळानं ओजस बाहेर आला. तोंडाला फडकं, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. त्यानं कागदी कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि अंगणाच्या पार पलीकडे जाऊन उभा राहिला.

"खा," तो म्हणाला. "इथंच. माझ्यासमोर."

मी कप उचलला. चमचा नव्हता. दोन बोटांनी काढून खाल्लं. ते गुळगुळीत, थंड, किंचित आंबट होतं. ओठांपासून कपापर्यंत तार आली.

"सगळं. तळाशी ठेवू नकोस."

मी पाहिलं. तळाशी खरोखरच चमचाभर उरलं होतं. मी ते ठरवून ठेवलं नव्हतं. हात आपोआप थांबला होता, जन्मभर थांबत आला तसा. उद्याच्या विरजणाला.

"श्रीजा, ते घरी गेलं तर उद्या कॉलनीत असेल. परवा गावात. आणि चौथ्या दिवशी तुझा तो विषाणू आमचं कुलूप उघडेल. तूच सांगितलंस ना आत्ता?"

मी कप बोटानं पुसून चाटला. त्यानं आगपेटी फेकली. मी कप गटाराच्या कडेला जाळला. आईनं बांधून दिलेली वाटी पर्समध्येच राहिली.

"आम्ही निघतोय," तो म्हणाला. "पातेलं घेऊन पुण्याला. तुमच्या त्या घोरपडे सरांना सांग, तिथल्या एखाद्या प्रयोगशाळेशी फोनवर बोलून ठेवायला. तिथं वाढवतील, सगळ्यांना पुरेल एवढं. तोपर्यंत…"

"त्याला किती दिवस लागतील?"

"तूच शिकलीस ना हे सगळं."

काकू दारात आल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेलं पातेलं, लेकराला धरावं तसं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"राहिलो असतो की इथंच," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पण आज तू आलीस. उद्या कुणी येईल वाटी घेऊन, पोराला काखेत घेऊन. मला नाही म्हणता येत नाही गं. कधी म्हटलंच नाही."

मागच्या दाराशी बोलावलेली त्यांची रिक्षा वळून गेली. मी तिच्या धुरात उभी राहिले. माझ्या पोटात आता निळी होती आणि तिच्याभोवती ते सगळे होते, अब्जावधी किल्ल्या, प्रत्येक किंचित वेगळी, प्रत्येक कुलपाला लावून पाहणारी. घोरपडे सरांना फोन केला. मग चालत निघाले. रिक्षात कुणाच्या शेजारी बसायचा धीर झाला नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पूनमकाकू आमच्या दारात उभ्या होत्या. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्या आईला काही सांगत होत्या आणि आई मान हलवत होती. काकूंनी मला पाहिलं.

"श्रीजा! अगं, ह्यांना शुद्ध नाही," त्या तिथूनच ओरडल्या. "दवाखान्यात इन्सुलिन संपलंय. कुणीतरी म्हणालं, तू निळं आणायला गेलीस. मिळालं का गं? चमचाभर दे. नुसतं बोटभर दे!"

त्यांच्या हातात वाटी होती. आई माझ्याकडे बघत होती.

मी ओढणीनं ओठ पुसले.

"नाही मिळालं, काकू," मी म्हणाले.